पेस्ट कंट्रोलचं काम आणि ‘डीएनए डॅमेज’ची टेस्ट: करावी का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मिस्टर ३१ वर्षांचे, सात वर्षं पेस्ट कंट्रोलमध्ये आहेत. ऐरोली-कोपरखैरण्याच्या सोसायट्यांत झुरळ-वाळवीची फवारणी आणि अधूनमधून तुर्भ्याच्या गोदामात गोळ्यांची धुरी, असं काम. कोलिनएस्टरेजचा, म्हणजे काही कीटकनाशकांनी दबणाऱ्या रक्तातल्या एन्झाइमचा, रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला. आता एका लॅबवाल्याने ‘डीएनए डॅमेज’ची महागडी टेस्ट सुचवली आहे. पुढच्या वर्षी मूल हवं आहे, कामाचे कपडे तुम्हीच धुता, आणि कर्करोगाचा धोका आहे का, ही नोकरी सोडावी का, असं तुम्ही विचारलं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते: एकट्या माणसाने ती टेस्ट करून घेण्यात आत्ता अर्थ नाही. कीटकनाशकांचा डीएनएवर परिणाम होत नाही असं मी म्हणत नाही, होतो. पण रिपोर्ट काहीही आला तरी तुम्ही पुढे जे कराल ते तेच असेल, कारण तुमचा खरा प्रश्न आहे तो औषध अंगात किती जातंय आणि कुठून जातंय, हा. त्याचं उत्तर रक्ताच्या स्लाइडवर नाही, कामाच्या पद्धतीत आहे.

पहिली अडचण म्हणजे ‘औषध’ हा शब्द. या धंद्यात सगळ्यालाच औषध म्हणतात, आणि पेशीत काय बिघडतं ते मात्र प्रत्येक गटाचं वेगळं. घरांतल्या फवारणीत हल्ली बहुतेक पायरेथ्रॉइड असतात: डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन. वाळवीसाठी क्लोरपायरीफॉस, बायफेन्थ्रिन किंवा इमिडाक्लोप्रिड. झुरळांच्या जेलमध्ये फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड. गोदामात अॅल्युमिनियम फॉस्फाइड. यातलं क्लोरपायरीफॉस तेवढं ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं. मिस्टरांची कोलिनएस्टरेज टेस्ट फक्त ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट हे दोन गट पकडते. वर्षभर सायपरमेथ्रिन मारणाऱ्याचा रिपोर्ट नॉर्मलच येणार, त्याच्या अंगात कितीही गेलेलं असो.

बाटलीवरच्या रंगीत त्रिकोणावरही विसंबू नका. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग एकदम पोटात किंवा कातडीतून गेलं तर किती घातक, एवढंच सांगतात. वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात गेलं तर काय होईल, हे त्रिकोणाला ठाऊक नाही. मॅलॅथिऑन तत्काळ विषबाधेच्या बाबतीत क्लोरपायरीफॉसपेक्षा सौम्य धरतात, तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. आणि डायक्लोरव्हॉस, म्हणजे ज्याला सगळे डीडीव्हीपी म्हणतात, त्यावर आपल्याकडे ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आहे. कुठे अजून साध्या पाण्याच्या बाटलीत भरून फिरत असेल तर हात लावू नये.

आता त्या ‘नॉर्मल’ रिपोर्टबद्दल. कोलिनएस्टरेजची नॉर्मल मर्यादा फार रुंद असते. समजा, औषधाला हात न लावता मिस्टरांचा प्लाझ्माचा (रक्तातल्या पातळ भागाचा) आकडा ११,००० असतो आणि आता तो ६,५०० आला. लॅबच्या कागदावर तो नॉर्मलच छापून येईल, पण प्रत्यक्षात ४० टक्क्यांहून जास्त घसरण झाली. कॅलिफोर्नियाच्या नियमांनुसार स्वतःच्या मूळ आकड्याच्या ८० टक्क्यांखाली गेलं की कामाची पद्धत तपासतात. लाल पेशींतला आकडा ७० टक्क्यांवर किंवा प्लाझ्मातला ६० टक्क्यांवर आला की माणसाला त्या कामावरून बाजूला काढतात आणि ८० टक्क्यांपर्यंत परत चढल्यावरच पुन्हा लावतात. म्हणून मूळ आकडा, बेसलाइन, हाताशी नसेल तर एकटा रिपोर्ट फारसं काही सांगत नाही. बेसलाइनसाठी निदान ३० दिवस ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेटपासून लांब राहायचं, मग काही दिवसांच्या अंतराने दोन नमुने द्यायचे आणि सरासरी धरायची. लॅब एकच ठेवा, पद्धत एकच ठेवा. दोन लॅबच्या आकड्यांची तुलना करून काही हाती लागत नाही. शक्य असेल तर लाल पेशींतलं कोलिनएस्टरेजही मागा. प्लाझ्मातलं यकृताच्या आजारानेही कमी होतं आणि काही आठवड्यांत भरून येतं. लाल पेशींतलं हळू भरतं, कारण नव्या पेशी तयार व्हाव्या लागतात.

आता मूळ मुद्दा, पेशी आणि डीएनए. क्लोरपायरीफॉस यकृतात गेलं की त्याचं ‘ऑक्सॉन’ रूप बनतं, आणि नसांवर खरा वार हे रूप करतं. ते मोडून टाकणारं पॅराऑक्सोनेज नावाचं एन्झाइम कुणात जोरदार असतं, कुणात मंद. एकाच गाडीतून, एकाच सोसायटीत काम केलेल्या दोघांना सारखा त्रास होत नाही, त्यामागचं हे एक कारण. औषध निकामी करण्याच्या या खटाटोपात पेशीला जपणाऱ्या ग्लुटाथायोनचा साठा खर्ची पडतो, मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांतून, ऑक्सिजनचे आक्रमक रेणू जास्त सुटतात, आणि ते पेशीच्या आवरणाला आणि डीएनएला लागतात. डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिन सगळ्यात आधी बळी पडतो. त्याचं बिघडलेलं रूप दुरुस्त होण्याआधी पेशी विभागली तर चुकीच्या अक्षराशी जोडी जमते आणि बदल कायमचा होतो. पायरेथ्रॉइडचा मुख्य मार्ग वेगळा, ते नसांच्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतात. पण ऑक्सिडेशनचा हा ताण त्यांच्याबाबतही प्रयोगांत दिसतो.

यात घाबरवणारं कमी आणि समजून घेण्यासारखं जास्त आहे. कीटकनाशक नसतानाही प्रत्येक पेशीच्या डीएनएला रोज हजारो इजा होतात आणि दुरुस्त होतात. एका पदराचे तुटलेले तुकडे बहुतेक वेळा काही तासांत जोडले जातात. त्यामुळे ‘डॅमेज सापडलं’ या वाक्यापुढे किती, कशामुळे आणि टिकलेलं की तात्पुरतं, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय थांबू नये.

लॅबवाल्याने सुचवलेली टेस्ट बहुधा कॉमेट टेस्ट असावी. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जेलमध्ये बसवून स्लाइडवर पसरतात, आवरण विरघळवतात, १३ च्या वरच्या पीएचच्या अल्कलीत ठेवतात आणि वीज सोडतात. अखंड डीएनए जागेवर राहतो, तुटलेला पुढे सरकतो आणि धूमकेतूसारखी शेपूट दिसते. टेस्ट उत्तम आहे, संशोधनासाठी. पण ती त्या दिवसाचा हिशोब दाखवते. दोन दिवस सुट्टीवर असलेल्या माणसाची शेपूट आखूड आणि आदल्या संध्याकाळी वाळवीचं काम केलेल्याची लांब येऊ शकते. नमुना थंड आणि अंधारात ठेवून लवकर प्रक्रियेला लागला पाहिजे. कॅम्पमध्ये घेतलेलं रक्त मे महिन्यात दुपारभर कुरिअरच्या बॅगेत राहिलं, तर पेशी वाटेतच मरायला लागतात आणि शेपटी वाढतात. तो दोष औषधाचा नसतो. शिवाय इतकी टक्के शेपूट म्हणजे आजार, अशी डॉक्टरांनी मान्य केलेली रेषा कुठेच नाही. रिपोर्टवर ‘हाय’ असं छापून आलं तर कशाच्या तुलनेत, हे विचारा.

दुसरी टेस्ट मायक्रोन्यूक्लियसची. पेशी विभागताना गुणसूत्राचा तुटलेला तुकडा किंवा अख्खं गुणसूत्र मागे राहिलं तर मुख्य केंद्रकाशेजारी छोटं केंद्रक दिसतं. साधारण हजार दोन-केंद्रकी पेशी मोजून किती सापडली ते सांगतात. ही टेस्ट जास्त टिकाऊ नुकसान दाखवते. ज्यांच्यात मायक्रोन्यूक्लियस जास्त, अशा गटांत पुढे कर्करोगाचं प्रमाण जास्त निघालं, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक देशांच्या एकत्रित अभ्यासात दिसलं. पण ते गटाबद्दल. एका माणसाच्या आकड्यावरून त्याचं भविष्य सांगता येत नाही.

आणि हा आकडा वाढवणाऱ्या गोष्टी कितीतरी. वय वाढलं की वाढतो, बिडी-सिगारेटने वाढू शकतो, नुकताच सीटी स्कॅन झाला असेल तर हलतो. आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते बी-१२ आणि फोलेटकडे. यांची कमतरता असेल तर डीएनए बनतानाच तुकडे पडतात आणि मायक्रोन्यूक्लियस वाढतात, औषधाचा थेंबही अंगात न जाता. मिस्टर शाकाहारी असतील तर आधी बी-१२ तपासा. कमी निघालं तर ते भरून काढता येतं, म्हणून या सगळ्या खर्चातला तो मला सगळ्यात कामाचा वाटतो. गालाच्या आतल्या पेशींवरही हीच टेस्ट करतात. पण तंबाखू-चुना, गुटखा किंवा मिश्री असेल तर त्या रिपोर्टमध्ये तंबाखू किती आणि कीटकनाशक किती, हे वेगळं काढणं कुणालाच जमत नाही.

मग या टेस्ट कधी कराव्यात? एका कंपनीतले तीस-चाळीस कामगार, आणि त्यांच्याच वयाचे, तशाच सवयींचे पण औषध न हाताळणारे तेवढेच लोक, अशी तुलना कुणी संस्था करत असेल तर जरूर भाग घ्या. तिथून निघणारं उत्तर सगळ्या गटाच्या उपयोगाचं असतं.

कर्करोगाबद्दल सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगते. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या परवानाधारक फवारणी करणाऱ्यांचा आणि त्यांच्या जोडीदारांचा १९९३ पासून पाठपुरावा सुरू आहे. त्यात एकूण कर्करोगाचं प्रमाण सर्वसामान्य लोकांपेक्षा कमीच दिसलं, पण प्रोस्टेटसारखे काही कर्करोग जास्त दिसले, आणि काही औषधांचा काही ठरावीक कर्करोगांशी संबंध आढळला. तिथले शेतकरी सिगारेट कमी ओढतात, मोकळ्या रानात फवारतात. नवी मुंबईतला माणूस बंद स्वयंपाकघरात, माळ्यावर डोकं घालून फवारतो. त्यामुळे तो दिलासा जसाच्या तसा उचलू नये, आणि त्यातली भीतीही नाही.

आता ज्यावर पैसे आणि लक्ष खर्च करायला हवं ते. फवारणी करणाऱ्याच्या अंगात औषध बहुतेक वेळा नाकातून नव्हे, कातडीतून जातं. पॅराथिऑन या कीटकनाशकावर झालेल्या जुन्या प्रयोगात कोपराखालच्या हातातून जेवढं शोषलं गेलं त्याला १ धरलं, तर तळव्यातून १.३, कपाळ आणि टाळूतून ४ च्या आसपास, काखेतून ७ हून जास्त आणि अंडकोषाच्या कातडीतून जवळजवळ १२ पट. म्हणजे हात न धुता लघवीला जाणं ही या धंद्यातली फार महागाची सवय आहे. लघवीला जाण्याआधी हात धुवायचे, नंतर धुणं वेगळं. तसंच तंबाखू मळणं: तळव्यावर औषधाचा थर, त्यावर चुना, अंगठ्याने रगडून तीच गोळी गालात. आणि चोंदलेला नोझल तोंडाने फुंकणं. एक जुना टूथब्रश किटमध्ये टाकला की हे थांबतं.

सगळ्यात धोक्याचा क्षण फवारणीचा नसतो, औषध पाण्यात मिसळण्याचा असतो. २० टक्के ईसी (पाण्यात मिसळायच्या दाट) क्लोरपायरीफॉसचा एक मिली सांडला तर २०० मिलिग्रॅम औषध कातडीवर आलं. वाळवीसाठी ते १ टक्क्याचं करतात, म्हणजे १ लिटर औषधाला १९ लिटर पाणी. तयार द्रावणातून तेवढंच औषध अंगावर यायला २० मिली सांडावं लागेल. शिवाय मूळ औषधातले सॉल्व्हंट कातडीची वाट आणखी मोकळी करतात. म्हणून हातमोजे फक्त एकदाच घालायला परवानगी असेल, तर ते मिसळताना घालावेत. जाड नायट्राइलचे, आतून कापड नसलेले, मनगटाच्या बरेच वर येणारे. डॉक्टरांचे पातळ लॅटेक्सचे मोजे या कामाचे नाहीत, कापडी तर औषध धरूनच ठेवतात. काढण्याआधी मोजे घातलेले हात साबणाने धुवायचे, नाहीतर काढताना सगळं बोटांना लागतं. छताकडे फवारायचं असेल तर मोज्याची कड बाहेरून दुमडायची, म्हणजे ओघळ कोपराकडे जात नाही. कातड्याचा घड्याळाचा पट्टा, कमरेचा पट्टा आणि चपला औषध शोषून महिनोन्महिने परत देत राहतात. त्या धुऊन साफ होत नाहीत.

पंप पाठीवरचा असेल तर झाकणाची वॉशर आणि दांड्याजवळचं पॅकिंग दर आठवड्याला बघा. तिथून गळणारं पाणी पाठीवरून थेट कमरेखाली उतरतं, म्हणजे बरोबर नको तिथे. जिथे जेलवर भागतं तिथे फवारणी करूच नये. स्वयंपाकघरातल्या झुरळांना जेल चांगलं लागतं, आणि कामगाराच्या अंगावर जवळपास काहीच येत नाही. कंपनीला हे पटवणं सोपं नसतं. ग्राहकाला वास आल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही.

मास्कचं थोडक्यात. कापडी किंवा सर्जिकल मास्क बाष्प अडवत नाही. सेंद्रिय बाष्पांचं कार्ट्रिज आणि पुढे कणांचा फिल्टर असलेला अर्ध्या चेहऱ्याचा मास्क लागतो. दाढी असेल तर तो चिकटत नाही. मास्क वापरून झाला की हवाबंद पिशवीत ठेवा. उघडा टांगला तर कार्ट्रिज रात्रभर हवेतलंच शोषत बसतं.

गोदामातल्या धुरीची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तुमच्या पत्रात मला खरी काळजी तिचीच वाटली. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम फॉस्फीन हा विषारी वायू निघतो, म्हणजे साधारण ७०० मिली. हजार घनमीटरच्या गोदामात तो मिसळला तरी ०.७ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.७ भाग) होतो, आणि आठ तासांच्या कामासाठी अमेरिकेची कायदेशीर मर्यादा ०.३ पीपीएम आहे. एका गोळीत एवढं. पावसाळ्याच्या दमट हवेत गोळी लवकर सुटते, त्यामुळे ठेवून बाहेर पडायला मिळणारा वेळ कमी होतो. वासावर भरवसा ठेवता येत नाही. सेंद्रिय बाष्पांचं कार्ट्रिज फॉस्फीनला चालत नाही. गॅस मीटर नसेल तर आत जायचं नाही, आणि हवा खेळवल्यावरही मीटरने बघूनच ताडपत्री उचलायची. फॉस्फीन थेट मायटोकॉन्ड्रियाच्या श्वसनसाखळीवर घाव घालतो. १९८९ मध्ये धान्याला धुरी देणाऱ्या अमेरिकी कामगारांच्या गुणसूत्रांत जास्त मोडतोड आढळली; नंतर ऑस्ट्रेलियातल्या कामगारांत मात्र तसा फरक दिसला नाही. गोदामाची उघडझाप किती काळजीने होते यावर बरंच अवलंबून असावं, असा माझा अंदाज. कुणी राहत्या घरात किंवा इमारतीतल्या दुकानात या गोळ्या ठेवायला सांगितल्या तर साफ नाही म्हणायचं.

मुलाचं. पुरुषबीज तयार व्हायला ७४ दिवसांच्या आसपास लागतात, वर पक्व होऊन बाहेर पडेपर्यंत काही दिवस, म्हणजे एकूण तीन महिने धरा. शेवटच्या टप्प्यात त्या पेशींना डीएनए दुरुस्त करता येत नाही. म्हणून मुलाचा प्रयत्न सुरू करण्याआधी निदान तीन महिने मिस्टरांनी वाळवीचं काम आणि धुरी बंद ठेवावी. जेल, सर्वेक्षण, ग्राहकांच्या भेटी हे चालेल. पुरुषबीजाच्या डीएनए तुटण्याची वेगळी टेस्ट असते, पण वर्षभर प्रयत्न करून दिवस गेले नाहीत तरच तिचा विचार करा.

तुमच्या बाजूने जास्त जपायचं, कारण गरोदरपणी ऑर्गॅनोफॉस्फेट अंगात जाण्याचा मुलांच्या बौद्धिक वाढीशी संबंध न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातल्या अभ्यासांत दिसला आहे. कामाचे कपडे यापुढे मिस्टरांनीच धुवावेत. कामाच्या ठिकाणीच बदलून वेगळ्या पिशवीत आणायचे, त्याच दिवशी गरम पाण्यात भरपूर डिटर्जंट घालून दोनदा धुवायचे, घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत, उन्हात वाळवायचे. मशीन वापरलं तर नंतर एकदा रिकामं फिरवा. ज्या कपड्यावर पाणी न घातलेलं औषध सांडलं तो धुऊ नका, टाकून द्या. आणि घरी आल्यावर आधी अंघोळ, मग बाकी सगळं.

नोकरीबद्दल. सात वर्षं झाली, एवढ्यावरून सोडा असं मी म्हणणार नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे व्यावसायिक पेस्ट कंट्रोलच्या कामगाराची कामावर घेण्याआधी आणि नंतर दरवर्षी वैद्यकीय तपासणी करून ती रजिस्टरमध्ये नोंदवायची असते. महापे-रबाळे-तळोज्याकडे औषध बनवणाऱ्या युनिटमध्ये हीच तपासणी तिमाही, आणि ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट बनवत असतील तर कोलिनएस्टरेज दरमहा. मालकाकडे ते रजिस्टर मागा. मोजे देत नाही, लेबल नसलेल्या बाटल्या देतो, मीटरशिवाय गोदामात पाठवतो, यातलं एकही खरं असेल तर दुसरीकडे बघायला लागा.

डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, तोंडाला लाळ सुटणं, घाम, छातीत घरघर, स्नायू फडफडणं, यांतलं काही कामानंतर दिसलं तर रिपोर्टची वाट न बघता कपडे उतरवून साबणाने अंग धुवा, लेबल घेऊन मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. उपचार औषधाच्या गटावर ठरतो आणि कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला तो लेबलवरूनच पटकन कळतो. गोदामानंतर छातीत दडपण, उलट्या, धाप असेल तर ‘फॉस्फीन’ हा शब्द स्वतःहून सांगा, कारण कोलिनएस्टरेजवरून तो ओळखता येत नाही.

पुढचं लिहाल तेव्हा मिस्टरांच्या किटमधल्या सगळ्या लेबलांचे फोटो, आधीच्या रिपोर्टवरचा नेमका आकडा, तो प्लाझ्माचा की लाल पेशींचा, आणि रक्त देण्याआधी क्लोरपायरीफॉस शेवटचं कोणत्या तारखेला हाताळलं, एवढं कळवा. त्याशिवाय बेसलाइनसाठीचे ते ३० दिवस कधीपासून मोजायचे ते सांगता येणार नाही.